तेल ओतून लॅटेक्स होत नाही : महाराष्ट्रातल्या इमल्शन उत्पादकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील लहान-मध्यम इमल्शन बाइंडर व रंग उत्पादक आणि त्यांच्या संघटना

सप्रेम नमस्कार.

स्टायरिन आणि ब्युटाइल अ‍ॅक्रिलेटच्या नेहमीच्या बॅचमध्ये (हे दोन छोट्या रेणूंचे पदार्थ म्हणजे मोनोमर, त्यांच्या साखळ्या होऊन बहुलक बनते) पाच-दहा टक्के सोयाबीनचे किंवा जवसाचे तेल टाकून 'वनस्पतीजन्य' इमल्शन करून बघावे, असा मोह कोणालाही होईल. त्याचे काय होते ते आधीच सांगतो. रिअ‍ॅक्टर थंड झाल्यावर वर तेलाचा थर दिसतो, ढवळणीच्या दांड्याला गोळे चिकटलेले असतात, गाळणीवर ग्रिट (बारीक कठीण कण) साचते. मधले जे लॅटेक्स, म्हणजे पाण्यात तरंगणारे बहुलकाचे बारीक कण, हाती लागते त्याची फिल्म (सुकलेला पातळ थर) आठवडा झाला तरी बोटाला चिकटते. मग 'तेलाचे हे काम आपल्याकडचे नाही' असे म्हणून विषय बंद होतो. चूक तेलाची नसते. तेलाला बहुलकाच्या साखळीत बसण्यासाठी जागाच ठेवलेली नसते.

तेलातले दुहेरी बंध साखळीच्या मधोमध असतात. स्टायरिनच्या किंवा अ‍ॅक्रिलेटच्या टोकाच्या दुहेरी बंधासारखे ते रॅडिकलशी (साखळी वाढवणाऱ्या क्रियाशील टोकाशी) चटकन जोडले जात नाहीत. उलट त्यांच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन रॅडिकल सहज ओढून घेतो, आणि मागे उरलेला नवा रॅडिकल इतका स्थिर असतो की तो पुढे साखळी वाढवायला फारसा तयार नसतो. वाढती साखळी तिथेच थांबते. म्हणजे कच्चे तेल बॅचमध्ये टाकले की ते स्वतः जोडले जात नाही आणि जोडल्या जाणाऱ्यांनाही अडवते. शेवटी फिल्ममध्ये सुटे प्लॅस्टिसायझर (मऊ करणारा पदार्थ) म्हणून राहते आणि हळूहळू पृष्ठभागावर येते.

वनस्पतीतेलाचा रंग आपल्याला नवा नाही. जवसाचे उकळलेले तेल आणि त्यानंतर आलेले अल्किड इनॅमल हे अर्धेअधिक तेलाचेच होते. अडचण होती ती सोबतच्या टर्पेंटाइनची. पाण्यातल्या इमल्शनने टर्पेंटाइन घालवले, पण बाइंडर (रंग भिंतीला धरून ठेवणारा घटक) पूर्णपणे पेट्रोलियमचा केला. आता प्रश्न एवढाच आहे की पाणीही राहावे आणि तेलही परत यावे. त्याचे उत्तर तेलाला आधी मोनोमर करण्यात आहे, आणि ते कसे करायचे हे बऱ्यापैकी ठाऊक आहे.

अमेरिकेत फार्गो इथल्या नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीत आंद्री वोरोनोव्ह यांच्या गटाने २०१५ मध्ये सोयाबीन तेलापासून एका टप्प्यात व्हिनाइल मोनोमर करण्याची रीत प्रसिद्ध केली. नंतर त्याच रीतीने ऑलिव्ह, जवस वगैरे तेलांचे मोनोमर केले गेले. कल्पना साधी आहे. तेलाच्या ट्रायग्लिसराइडवर (ग्लिसरीनला तीन फॅटी आम्ले जोडलेल्या रेणूवर) एन-हायड्रॉक्सीएथिल अ‍ॅक्रिलामाइडची (पुढे 'एचईएए' म्हणतो) अल्कलीच्या सान्निध्यात ट्रान्सएस्टरिफिकेशन करायची. बायोडिझेल करताना मेथॅनॉल जे करते तेच इथे एचईएए करते. ग्लिसरीन सुटते आणि प्रत्येक फॅटी आम्लाच्या टोकाला अ‍ॅक्रिलामाइडचा दुहेरी बंध बसतो. हा टोकाचा बंध लॅटेक्सच्या साखळीत जातो. तेलाचे स्वतःचे मधले बंध शेपटीत तसेच राहतात आणि फिल्म सुकताना कामाला येतात.

हिशेब असा. १ किलो सोयाबीन तेलात सुमारे १.१४ मोल ट्रायग्लिसराइड, म्हणजे ३.४ मोल फॅटी आम्लाचे गट. त्यांना नेमके पुरेल इतके एचईएए ३९५ ग्रॅम होते. पण अभिक्रिया पुढे ढकलण्यासाठी ते जवळपास दुप्पट, म्हणजे ७८० ते ७९० ग्रॅम घ्यावे लागते. पूर्ण रूपांतर झाले तर सुमारे १३०० ग्रॅम मोनोमर आणि १०५ ग्रॅम ग्लिसरीन मिळते. प्रयोगशाळेत हे टेट्राहायड्रोफ्युरान या ज्वलनशील द्रावकात, सोडियम हायड्रॉक्साइड उत्प्रेरक आणि बीएचटी अवरोधक (मोनोमर आपोआप जोडले जाऊ नयेत म्हणून) वापरून, ४० °से.च्या आसपास करतात. मग मिठाच्या पाण्याने धुऊन ग्लिसरीन आणि उरलेले एचईएए काढतात.

आता बिघाडाच्या जागा. पहिली जागा तेलाचे आम्लमूल्य, म्हणजे त्यातल्या मुक्त फॅटी आम्लाचे माप. १ किलो तेलाला १० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड धरले आणि तेलात १ टक्का मुक्त फॅटी आम्ल असले, तर त्यातले १.४ ग्रॅम हायड्रॉक्साइड साबण होण्यातच जाते. आम्ल ५ टक्के असले (कच्च्या करंज तेलात ते नवल नाही) तर ७ ग्रॅम संपते आणि ५० ग्रॅमच्या वर साबण तयार होतो. मग धुताना दोन थर वेगळे पडतच नाहीत. लोक त्यात मीठ वाढवत बसतात, सेपरेटरपाशी दिवस जातो. तेल न्यूट्रल करून, ओलावा ०.१ टक्क्याच्या खाली आणून मगच घ्या. पेरॉक्साइड मूल्यही (तेल किती खवट झाले याचे माप) पाहा. ५ च्या वर असेल तर ते तेल मोनोमर होण्याआधीच जुने झाले आहे असे समजा.

दुसरी जागा तापमान. वेग वाढावा म्हणून ७०-८० °से.ला नेले की अल्कलीमुळे एचईएएचा हायड्रॉक्सिल गट दुसऱ्या एचईएएच्या दुहेरी बंधावर जोडला जाऊ लागतो आणि मोनोमरचे टोकच खाल्ले जाते. आयोडीन मूल्यातून (तेलात दुहेरी बंध किती याच्या मापातून) हे कळत नाही, कारण तेलाचे बंध तसेच असतात. एनएमआरमध्ये (रेणूची रचना दाखवणाऱ्या चाचणीत) ५.५ ते ६.५ पीपीएमच्या दरम्यानचे व्हिनाइल प्रोटॉन कमी झालेले दिसतात. तिसरी जागा नायट्रोजन. बहुलकीकरणाच्या सवयीने मोनोमर बनवतानाही नायट्रोजन सोडला जातो. बीएचटीसारख्या फिनॉलिक अवरोधकाला काम करायला थोडा ऑक्सिजन लागतो, त्यामुळे मोनोमर साठवताना डबा नायट्रोजनने पूर्ण भरून बंद करणे घातक ठरू शकते. आणि टेट्राहायड्रोफ्युरान असलेल्या भांड्यात हवा सोडणे तर त्याहून घातक. म्हणून त्या द्रावकाची ही रीत जशीच्या तशी एमआयडीसीतल्या शेडमध्ये आणू नका, अशी आमची स्पष्ट विनंती आहे. त्या द्रावकात पेरॉक्साइड साठतात, हा धोका वेगळाच.

खर्चाबद्दल एक गोष्ट फार थोडे जण आधी बघतात. या मोनोमरमध्ये महाग पडते ते तेल नव्हे, एचईएए. वरच्या हिशेबात प्रत्येक किलो तेलामागे जवळपास ४०० ग्रॅम एचईएए धुण्याच्या पाण्यात जाते. ते परत मिळवले नाही तर मोनोमरचा भाव कधीच परवडणार नाही, आणि अ‍ॅक्रिलामाइड कुळातला पदार्थ असलेले हे खारे पाणी ईटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेवर) जाईल ते वेगळे. हातमोजे, चष्मा आणि बंद हाताळणी याबाबतीत इथे कोणतीही सूट नको. शिवाय धुणे अर्धवट राहिले तर उरलेले एचईएए लॅटेक्सच्या पाण्यात बहुलक होते, चिकटपणा अकारण वाढतो आणि फिल्म पाणी पिते. फिल्म पावसात पांढरी पडली की दोष इमल्सिफायरला (तेल-पाणी मिसळून ठेवणाऱ्या पदार्थाला) दिला जातो. कित्येकदा कारण हे असते.

तेल कोणते निवडायचे याचे उत्तर रंगावर अवलंबून आहे. आयोडीन मूल्य जवसाचे साधारण १७० ते २००, करडईचे १३६ ते १४८, सोयाबीनचे १२५ ते १४०, करंज आणि एरंडाचे ८०-९० च्या घरात. बंध जास्त तितकी सुकवण चांगली, पण बहुलकीकरण तितके मंद आणि साखळ्या तितक्या आखूड. लिनोलेनिक आम्लात दोन दुहेरी बंधांच्या मधोमध असलेले कार्बन दोन, लिनोलिकमध्ये एक, ओलेइकमध्ये एकही नाही, आणि रॅडिकल नेमके तिथलेच हायड्रोजन ओढतो. त्यामुळे जवसाचा मोनोमर सगळ्यांत त्रास देतो आणि सगळ्यांत कडक फिल्मही देतो. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक असते, त्याने पांढरा रंग अंधारात पिवळा पडतो. कपाटामागची भिंत उन्हातल्या भिंतीपेक्षा आधी पिवळी होते ती यामुळेच. करडईच्या तेलात लिनोलिक तीन-चतुर्थांशाच्या आसपास आणि लिनोलेनिक जवळजवळ नाहीच, म्हणून पांढऱ्या अल्किडसाठी ते पूर्वीपासून नावाजलेले आहे. मराठवाडा-सोलापूरच्या कोरडवाहू रब्बीतले हे पीक आहे, परभणीचे कृषी विद्यापीठ आणि फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था यांनी त्यावर वर्षानुवर्षे काम केले आहे.

पण देश आपल्या गरजेतले निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करतो, हे विसरून भिंतीला खाद्यतेल फासणे आम्हाला मान्य नाही. करडई किंवा सोयाबीन वापरायचेच तर पांढऱ्या टॉपकोटपुरते, थोड्या प्रमाणात. प्रायमर, लाकडाचे स्टेन, गडद छटा यांना जवस पुरे. जवसाची चटणी आपण खातो, पण त्याच्या तेलाला रंगाचा धंदा जुना आहे. करंज सुकत नाही, तो फक्त फिल्म मऊ ठेवतो आणि पाणी दूर ठेवतो. त्याचा वास आणि रंग काढल्याशिवाय मात्र तो कामाचा नाही. वापरून झालेले तळणाचे तेल स्वस्त म्हणून अनेकांना खुणावते. त्यात पेरॉक्साइड, मुक्त आम्ल आणि आधीच एकमेकांत गुंतलेले ट्रायग्लिसराइड असतात. ते बायोडिझेलला जाऊ द्या.

मोनोमर शुद्ध आहे असे धरू. तरीही नेहमीच्या इमल्शन बहुलकीकरणात तो चालत नाही, आणि या टप्प्यावर सर्वांत जास्त प्रयत्न फसतात. नेहमीच्या पद्धतीत मोनोमर मोठ्या थेंबांतून पाण्यात विरघळतो आणि पाण्यातून इमल्सिफायरच्या मायसेलमध्ये (रेणूंच्या बारीक पुंजक्यांत) पोचतो. स्टायरिन लिटरमागे ०.३ ग्रॅमच्या आसपास विरघळते, आणि तेवढे या प्रवासाला पुरते. अठरा कार्बनच्या शेपटीचा तेल-मोनोमर पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तो थेंबातच अडकून राहतो, बाकीचे मोनोमर निघून जाऊन बहुलक होतात, आणि शेवटी तेलाचे थेंब एकत्र येऊन गोळे होतात. तुम्ही इमल्सिफायर दुप्पट केला तरी हे थांबणार नाही.

मार्ग दोन आहेत. एक, सायक्लोडेक्स्ट्रिनसारख्या वाहकाने मोनोमरला पाण्यातून नेणे. फार्गोच्याच गटाने मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन यासाठी वापरले आहे. दोन, मिनिइमल्शन, म्हणजे थेंबालाच कण करणे. थेंब आधीच १०० ते २०० नॅनोमीटरचे करायचे आणि बहुलकीकरण प्रत्येक थेंबाच्या आत होऊ द्यायचे. मग कोणाला पाण्यातून प्रवास करावा लागत नाही. मिनिइमल्शनमध्ये थेंब मोठे होऊ नयेत म्हणून साधारणपणे हेक्झाडेकेनसारखा अतिजलविरोधी पदार्थ घालतात. तेल-मोनोमर स्वतःच तसा असल्याने तो वेगळा घालावा लागत नाही. ज्या गुणामुळे तो जुन्या पद्धतीत नडतो तोच इथे कामाला येतो.

साध्या हाय-शियर मिक्सरने हे होत नाही. त्याने थेंब मायक्रॉनच्या आसपास थांबतात. प्रयोगशाळेत सोनिकेटरचा दांडा चालतो, पण तो शंभर लिटरला पुरत नाही. लागतो तो उच्च-दाब होमोजनायझर, ३०० ते ५०० बार, तीन-चार फेऱ्या. दुधाच्या डेअरीत हेच यंत्र १५० ते २०० बारला चालते आणि जुनी यंत्रे बाजारात मिळतात. ते घेणार असाल तर तीन गोष्टी आधी पाहा : त्याची मोटर ज्वालारोधक नसते, रबराच्या सील स्टायरिनमध्ये फुगतात म्हणून सगळ्या टेफ्लॉनच्या कराव्या लागतात, आणि एकदा स्टायरिन गेलेले यंत्र पुन्हा कधीही खाद्यपदार्थाकडे जाता कामा नये.

पहिल्या चाचणीसाठी सुमारे १ किलो लॅटेक्सचे हे माप सुचवतो. याला तयार फॉर्म्युला समजू नका, सुरुवात समजा. तेलाच्या बाजूला स्टायरिन २१० ग्रॅम, ब्युटाइल अ‍ॅक्रिलेट १२० ग्रॅम, तेल-मोनोमर ६० ग्रॅम, मेथाक्रिलिक आम्ल ८ ग्रॅम, आणि त्यात विरघळलेले एआयबीएन (बहुलकीकरण सुरू करणारा पदार्थ) ४ ग्रॅम. पाण्याच्या बाजूला डीएम (क्षार काढलेले) पाणी ५८० ग्रॅम, सोडियम लॉरिल सल्फेट ६ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट १ ग्रॅमच्या आत. तेल-मोनोमर ब्युटाइल अ‍ॅक्रिलेटच्या जागी घ्या, स्टायरिनच्या नको. लांब शेपटीमुळे तो आतून मऊपणा आणतो, आणि स्टायरिन कमी केले तर फिल्म हाताला लागेल इतकी मऊ होईल. दोन्ही बाजू दहा मिनिटे ढवळून मग होमोजनायझरमधून काढा, तापमान २५ °से.च्या वर जाऊ देऊ नका, ते फार चढले तर एआयबीएन तिथेच फुटू लागेल. या टप्प्यावर नमुना परीक्षानळीत चोवीस तास ठेवा. वर साय आली तर पुढे जाऊ नका, दाब वाढवा किंवा फेरी वाढवा. घाईने पुढे ढकललेली बॅच गोळे होऊनच बाहेर येते.

मग नायट्रोजनखाली ७५ °से. मिनिइमल्शनचा पंधरा टक्के भाग आधी घालून, उरलेला तीन तासांत सोडा. सगळे एकदम घातले तर उष्णता आवरत नाही. एआयबीएनचे अर्धायुष्य ६५ °से.ला सुमारे दहा तास असते, ७५ °से.ला बरेच कमी, तरीही एकूण पाच-सहा तास द्यावेच लागतात, कारण हा मोनोमर नेहमीच्या बॅचपेक्षा हळू चालतो. शेवटी ६०-६५ °से.ला टर्ट-ब्युटाइल हायड्रोपेरॉक्साइड आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाची जोडी देऊन उरलेले स्टायरिन खाली आणा. पीएच ८ ते ८.५, त्याच्या वर नको, तेल-मोनोमरमध्ये एस्टर बंध आहे. पांढऱ्या रंगासाठी अमोनियाऐवजी दुसरी अल्कली घ्या. तेलाच्या फिल्मचा अंधारातला पिवळेपणा अमोनियाच्या वाफेने वाढतो.

यानंतरचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. कारखान्यात बहुलकीकरण पूर्ण झाले का हे आपण ओव्हनच्या सॉलिडवरून (सुकवल्यावर उरणाऱ्या वजनावरून) ठरवतो. १०५ किंवा १२० °से.ला नमुना ठेवतो, स्टायरिन आणि ब्युटाइल अ‍ॅक्रिलेट उडून जातात, उरते ते बहुलक. तेल-मोनोमर उडत नाही. न जोडलेले तेलही उडत नाही. म्हणजे निम्मा तेल-मोनोमर तसाच पडून असला तरी सॉलिड बरोबर ४० टक्क्यांच्या आसपास दिसेल आणि बॅच पास होईल. तोच उरलेला मोनोमर पुढे चिकटपणा, वास आणि बुरशी घेऊन येईल. त्यामुळे सुकलेली फिल्म तोलून काढा आणि गरम मेथॅनॉलमध्ये अर्क काढून पुन्हा तोला. अर्कात काय आहे ते एनएमआर किंवा जीपीसीवर (रेणूंचा आकार मोजणाऱ्या चाचणीवर) बघा. अर्क दोन-तीन टक्क्यांच्या वर गेला तर आधी मोनोमरची शुद्धता तपासा, मगच रेडॉक्सचे, म्हणजे शेवटी दिलेल्या जोडीचे, प्रमाण. ही एक चाचणी न करता तेल-लॅटेक्स विकायला काढू नये, इतके आमचे मत ठाम आहे.

फिल्म टाकल्यावर शेपटीतले बंध हवेतल्या ऑक्सिजनने एकमेकांत गुंततात, अगदी जुन्या तेलरंगासारखे. याचा खरा फायदा असा की लॅटेक्सचा कण मऊ असताना फिल्म होते आणि नंतर कडक होते. त्यामुळे टेक्सॅनॉलसारखा कोएलेसंट (कण एकजीव व्हायला मदत करणारा द्रावक) कमी करता येतो. किती कमी, हे एमएफएफटी पट्टीवर (फिल्म होण्याचे किमान तापमान दाखवणाऱ्या) मोजूनच ठरवा. ड्रायर (सुकणे वेगाने व्हावे म्हणून घालायचा धातूचा क्षार) म्हणून कोबाल्ट ऑक्टोएट घेतला तर तेल-मोनोमरच्या वजनावर ०.०५ टक्के धातू, म्हणजे वरच्या बॅचमधल्या ६० ग्रॅमला ६ टक्के धातूचे द्रावण अर्धा ग्रॅम. मँगनीज आणि लोहाचे पर्याय आहेत, आणि कोबाल्टवरचे आरोग्याचे आक्षेप पाहता आजच त्यांच्याकडे वळलेले बरे. शिशाचा ड्रायर अर्थातच नाही, २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम आहे. ड्रायर रंगद्रव्याच्या पृष्ठभागावर शोषला जातो, म्हणून ताजा रंग छान सुकतो आणि तीन महिन्यांनी तोच डबा सुकत नाही. चाचणी ताज्या डब्यावर करून थांबू नका. ५० °से.ला महिनाभर ठेवलेल्या डब्यावरही करा. डबा अर्धा रिकामा ठेवाल तर वर साय धरेल, तोंडापर्यंत भरा. सुकताना लिनोलिकमधून हेक्झॅनाल सुटते, खवट गवतासारखा वास येतो. 'कमी वासाचा' रंग म्हणून हा विकण्याआधी बंद खोलीत दोन दिवस राहून पाहा.

भिंतीच्या बाजूने दोन परीक्षा कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यासाठी अनिवार्य धराव्यात. पहिली अल्कलीची. ताज्या सिमेंट गिलाव्याचा पीएच १२-१३ असतो. अल्किडमध्ये एस्टर बंध मुख्य साखळीतच असतो, म्हणून अशा भिंतीवर ते साबण होऊन पोपडे सुटतात. आपल्या लॅटेक्सची मुख्य साखळी कार्बन-कार्बनची आहे, तुटेल ती शेपटी. साखळी टिकेल, पण साबण होऊन फिल्म पाणी पिऊ लागेल. त्यामुळे २८ दिवस न मुरलेल्या गिलाव्यावर किंवा लोणा लागलेल्या भिंतीवर हा रंग देऊ नका, आणि तसे डब्यावर लिहा. दुसरी बुरशीची. न जोडलेले तेल बुरशीला खाद्य असते. ओल्या स्क्रबची आणि आयएस १५४८९ (इमल्शन रंगाचे भारतीय मानक) मधली बाकीची परीक्षा नेहमीप्रमाणे कराच.

ज्यांच्याकडे होमोजनायझर नाही आणि लवकर येण्याची शक्यताही नाही, त्यांनी वाट बघत बसू नये. एरंडाच्या तेलातला रिसिनोलेइक आम्लाचा रेणू तीव्र अल्कलीत तापवून तोडला की सेबॅसिक आम्ल आणि २-ऑक्टॅनॉल मिळते. त्या २-ऑक्टॅनॉलचे अ‍ॅक्रिलेट, म्हणजे २-ऑक्टाइल अ‍ॅक्रिलेट, ब्युटाइल किंवा २-एथिलहेक्झाइल अ‍ॅक्रिलेटच्या जागी नेहमीच्या रिअ‍ॅक्टरमध्ये चालवता येते. त्यात तेलाचे मधले दुहेरी बंध नाहीत, म्हणून साखळी अडत नाही, पिवळेपणा नाही, ड्रायर नाही. सुकून कडक होणेही नाही, ही त्याची मर्यादा. त्याच्या ११ कार्बनपैकी ८ वनस्पतीचे, म्हणजे ७३ टक्के. एरंडाचे जगातले सर्वांत मोठे उत्पादन भारतात आणि त्यातले बहुतांश शेजारच्या गुजरातेत होते. पाण्यात ते ब्युटाइलपेक्षा कमी विरघळते, त्यामुळे प्री-इमल्शन चांगले आणि पुरवठा सावकाश ठेवावा लागतो, बाकी हात तोच. पहिले पाऊल म्हणून लहान कारखान्याला आम्ही हेच सुचवू.

आता डब्यावरच्या शब्दांबद्दल. तेल-मोनोमर १५ टक्के घातला की लेबलवर '१५ टक्के वनस्पतीजन्य' लिहिले जाईल, आणि ते चूक असेल. त्या मोनोमरच्या २३ कार्बनपैकी १८ तेलातून आलेले, उरलेले ५ पेट्रोलियमच्या एचईएएमधून. वरच्या मापाच्या बाइंडरमध्ये कार्बनचा हिशेब मांडला तर वनस्पतीजन्य कार्बन ११ टक्क्यांच्या आसपास येतो. तेवढेच लिहा. एएसटीएम डी ६८६६ ही कार्बन-१४ ची चाचणी हेच मोजते, आणि तिच्यासाठी नमुना बाइंडरचा द्या, रंगाचा नको. रंगातल्या कॅल्साइटचा कार्बन हा दगडातला कार्बन आहे, तो नीट काढला नाही तर आकडा बिघडतो. अतिशयोक्तीचे एक लेबल उघडे पडले की पुढची दहा वर्षे खऱ्या मालालाही कोणी विचारणार नाही.

तुमच्या संघटनांकडे आमचे मागणे एका यंत्राभोवतीचे आहे. प्रत्येक कारखान्याने स्वतंत्र होमोजनायझर घेणे परवडणारे नाही आणि गरजेचेही नाही. केंद्राच्या सूक्ष्म व लघु उद्योग क्लस्टर विकास योजनेत सामायिक सुविधा केंद्राला अनुदानाची तरतूद आहे. एका क्लस्टरने ५०० बारचा ज्वालारोधक होमोजनायझर, पन्नास-शंभर लिटरचा रिअ‍ॅक्टर, कणाकार मोजणारे यंत्र आणि एमएफएफटी पट्टी एवढ्याचा प्रस्ताव द्यावा. डीएससी (तापमानाने होणारे बदल मोजणारी चाचणी), जीपीसी आणि एनएमआरसाठी नवी खरेदी नको. माटुंग्याची आयसीटी, नागपूरची एलआयटी आणि जळगावच्या विद्यापीठाची रासायनिक तंत्रज्ञान संस्था इथे तेल, बहुलक आणि रंगाच्या शाखा एका छताखाली आहेत. त्यांच्या एम.टेक.च्या विद्यार्थ्यांना तुमच्या फसलेल्या बॅचेस द्या. चांगली बॅच दाखवायला सगळे तयार असतात, शिकायला मात्र गोळे झालेलीच लागते.

नमुना पाठवताना सोबत एवढे लिहून द्या : तेलाचे नाव, त्याचे आयोडीन, आम्ल आणि पेरॉक्साइड मूल्य, ओलावा, मोनोमर किती दिवसांचा आहे, होमोजनायझरचा दाब आणि फेऱ्या, चोवीस तासांनी साय आली की नाही, ओव्हनचे सॉलिड आणि मेथॅनॉल अर्काचे टक्के. हे दोन्ही शेवटचे आकडे शेजारी शेजारी असलेला कागद मिळाला तर आम्ही आनंदाने बसून वाचू.

कळावे, लोभ असावा.

आपले,
तेल आणि बहुलक रसायनात काम करणारे काही तंत्रज्ञ